सोळा मुली आणि एक बाई

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर भोसले सरांनी सगळ्या शिक्षकांना ऑफिसात बोलावलं. आटपाडी तालुक्यातलं ते हायस्कूल लहानच, शिक्षक मोजून नऊ. मुख्याध्यापक नाथाजी भोसले निवृत्तीला आलेले, सावध स्वभावाचे. नववीच्या मुक्कामी सहलीचा कागद त्यांनी टेबलावर ठेवला. सातारा, सज्जनगड, महाबळेश्वर, प्रतापगड. दोन मुक्काम. बेचाळीस मुलं, त्यांत सोळा मुली.

"मुली आहेत म्हणजे सोबत बाई पाहिजेच," सर म्हणाले.

शाळेत बाई दोनच. एक बाळंतपणाच्या रजेवर गेलेली. दुसरी उत्कर्षा जगताप. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडं वळल्या.

उत्कर्षा विज्ञान शिकवायची. उंब्रजची सून. नवरा फौजेत, सध्या सिक्कीमला. पाच वर्षांची मुलगी राजेश्वरी उंब्रजला सासूबाईंजवळ राहायची. शनिवारी शाळा सुटली की उत्कर्षा एसटी धरायची, विटा-कराड करत संध्याकाळी घरी पोचायची आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत फिरायची. उद्याचा रविवार प्रशिक्षणात जाणार होता. सहल पुढच्या शुक्रवार ते रविवार होती, म्हणजे तोही जाणार.

"मी नाही आले तर?" तिनं विचारलं.

"तर फक्त मुलगे जातील," सर म्हणाले. त्यांनी ते जोर लावून म्हटलं नाही, आणि म्हणूनच तिला पुढं काही बोलता आलं नाही.

दुसरा मुद्दा खर्चाचा निघाला. शिक्षकांचा खर्च मुलांच्या वर्गणीतून काढायचा नाही, ज्यानं त्यानं आपला भरायचा, असं सरांनी सांगितलं. खेळाचे जयराज शिंदे सर उसळले.

"जायचं आम्ही, रात्रभर जागायचं आम्ही, पोरगं शिंकलं तरी उत्तर द्यायचं आम्ही. आणि वर पैसे पण आम्हीच भरायचे? आपण काय हौसेनं चाललोय का सर?"

"बरोबर आहे तुमचं. पण हे पैसे मग कुणाकडून घ्यायचे? ज्यांनी शेळी विकून वर्गणी भरलीय त्यांच्याकडून?"

शिंदे सरांना ते पटलं नव्हतं, पण पैसे भरले. उत्कर्षानंही भरले. त्या संध्याकाळी राजेश्वरीला फोनवर सांगताना तिला जाणवलं, की पैशाचं तिला काहीच वाटत नाहीये.

सोमवारी संमतिपत्रं वाटली. बुधवारपर्यंत सोनम मेटकरी सोडून सगळ्यांची परत आली. सोनम हुशार आणि अबोल. आई-बाप मेंढरं घेऊन वर्षातले सात-आठ महिने पश्चिमेकडं, कराडच्या बाजूला ऊसपट्ट्यात फिरायचे. ती आज्जीपाशी, हरणाबाईपाशी राहून शाळा करायची.

गुरुवारी दुपारी तिचा बाप शाळेत आला. धुळा मेटकरी. उंच, हाडापेरानं मोठा, खांद्यावर घोंगडी. खास सहीसाठी मसूरजवळचा मेंढरांचा तळ बायकोवर सोपवून तो आला होता. कागद घडी करून खिशात आणला होता.

"बाई, ह्ये जरा वाचून दावा. पोरगीनं वाचलं, पर मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

उत्कर्षानं वाचलं. शेवटी आलं, 'सहलीदरम्यान घडणाऱ्या कोणत्याही अपघातास शाळा अथवा शिक्षक जबाबदार राहणार नाहीत.'

"थांबा," धुळा म्हणाला. "मग जबाबदार कोन ऱ्हानार?"

"तसं नाही. ती एक पद्धत असते लिहायची. सगळ्याच शाळा लिहितात."

"सगळी लिवत्यात म्हून इचारतोय. आवं बाई, आमच्यात दुसऱ्याची मेंढरं राखाया घेत्यात. एखांदं लांडग्यानं न्हेलं, तर त्येचा कान आनून मालकाला दावावा लागतो. तवा मालक म्हनतो, बरं. पर राखनदारानं पयल्याच दिशी सांगितलं, की काय झालं तर मी जबाबदार न्हाई, तर त्येच्याकडं कोन मेंढरू दील?"

उत्कर्षाला हसू आलं, मग हसू मावळलं. खिडकीबाहेर सोनम उभी होती, फळ्याकडं बघत असल्यासारखी.

"तुमी निस्तं तोंडानं सांगा," धुळा म्हणाला. "मग मी अंगठा देतो."

काय सांगायचं? जिवापाड जपेन, काळजीच करू नका, असं म्हणणं सोपं होतं. तिला ते म्हणवेना. तो माणूस नजर न हलवता बघत होता.

"ती पडणारच नाही असं मी सांगू शकत नाही," ती म्हणाली. "पण पडली, आजारी पडली, तर मी तिथं असेन. एवढंच सांगते."

धुळानं कागद आपल्याकडं ओढला. "बास. येवढंच पायजे हुतं," म्हणाला आणि शाईत अंगठा बुडवला.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला एसटी निघाली. मुलं कराडपर्यंत गाणी म्हणत होती. पुढं हायवेला लागल्यावर ड्रायव्हरनं चहासाठी गाडी थांबवली ती नेमकी उंब्रजच्या फाट्यावर. नेमकी कसली, शिंदे सरांनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. सेवा रस्त्याच्या कडेला सासूबाई राजेश्वरीचा हात धरून उभ्या होत्या.

उत्कर्षा खाली उतरली. राजेश्वरीनं तिच्या कमरेला मिठी मारली आणि घराच्या दिशेनं ओढायला लागली.

"चल ना आई. आजी म्हणली तू आलीस."

"बाळा, मी मुलांना घेऊन चाललेय. पुढच्या शनिवारी येते."

"त्यांना त्यांची आई नाही का?"

उत्कर्षानं तिचे विस्कटलेले केस मागं सारले. पाच मिनिटांनी हॉर्न वाजला. सासूबाईंनी मुलीला उचलून घेतलं. गाडी निघाली तेव्हा मागच्या काचेतून तिला ओरडणारं तोंड दिसत होतं, आवाज येत नव्हता. पुढच्या बाकावर बसलेले शिंदे सर साताऱ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

सातारचा मुक्काम ठीक झाला. मुली एका हॉलमध्ये, दाराशी उत्कर्षाचं अंथरूण. ती झोपली अशी नाहीच. दर तासाला उठून मोजायची, सोळा. शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला सगळे प्रतापगडावर पोचले. चढताना शिंदे सर पुढं, गणिताचे हाके सर मुलग्यांबरोबर, आणि सगळ्यात मागं उत्कर्षा. तिनं नेमच केला होता, आपल्या मागं एकही मुलगी राहता कामा नये.

वर पोचल्यावर एका सपाट जागेत मुलं टेकली. कुणी पेरू काढले, कुणी फोटो काढायला लागलं. वारा भन्नाट होता. तेवढ्यात उत्कर्षाचा फोन वाजला. सासूबाई होत्या.

"कालपासनं घास खाल्ला नाही गं हिनं. तू जरा बोल, नाहीतर ताप यायचा पोरीला."

वाऱ्यानं ऐकू येईना म्हणून उत्कर्षा तटाच्या आडोशाला गेली. मुलींकडं पाठ झाली. राजेश्वरी आधी बोलेचना, नुसते हुंदके. मग उत्कर्षानं तिला गडाच्या गोष्टी सांगितल्या, माकडं कशी बसलीत ते सांगितलं. शेवटी पोरगी म्हणाली, "दूध पिते." फोन ठेवला तेव्हा पडद्यावर चार मिनिटं काही सेकंद दिसत होती.

त्याच क्षणाला किंकाळी ऐकू आली.

सोनम पडक्या पायऱ्यांच्या खाली आडवी पडली होती. वरच्या कठड्यावरून कोकण दिसतं असं कुणीतरी म्हणालं, म्हणून ती एकटीच चढली होती. उतरताना दगड निसटला. फार उंचावरून पडली नव्हती, चार-पाच पायऱ्या असतील. पण सगळा भार उजव्या हातावर आला होता आणि कोपराच्या वर हात भलतीकडंच वळला होता. ती रडत नव्हती. ओठ पांढरे पडले होते.

शिंदे सरांनी तिला पाठीवर घेतलं आणि साडेचारशे पायऱ्या न थांबता उतरले. महाबळेश्वरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी हात फळीला बांधला, बोटं दाबून पाहिली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"बोटं गार पडतायत. तुटलेलं हाड शिरेवर दाबतंय. आजच्या आज ऑपरेशन पाहिजे. साताऱ्याला हलवा."

अँब्युलन्समध्ये सोनमसोबत उत्कर्षा बसली. मागं पंधरा मुली बाईशिवाय राहिल्या. शिंदे सरांनी मुख्याध्यापकांना फोन लावला आणि सहल तिथंच संपवून एसटी आटपाडीकडं वळवायचं ठरलं. महाबळेश्वर कुणीच नीट पाहिलं नाही. अँब्युलन्सचं दार लागताना पंधरा जणी रस्त्याच्या कडेला एका ओळीत उभ्या होत्या. न सांगता ओळ केली होती त्यांनी.

साताऱ्याच्या दवाखान्यात संमतीचा कागद पुढं आला.

"पालक?" डॉक्टरांनी विचारलं.

धुळाचा फोन बंद लागत होता. रानात चार्जिंगची सोय ती कसली असणार. हरणाबाईकडं फोनच नव्हता. सोनम दातावर दात धरून म्हणाली, "आण्णा मसूरजवळ हाईत. गुंडा आप्पांच्या रानात मेंढरं बसिवल्यात." उत्कर्षानं तेवढंच शिंदे सरांना कळवलं. मसूरच्या शाळेत त्यांचा एक मित्र होता, तो मोटारसायकल काढून गुंडा आप्पांचं रान शोधायला निघाला.

"आम्ही थांबू शकत नाही मॅडम," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही सही करता का? नातं लिहा."

सहीच्या शेजारी नात्याची रिकामी रेघ होती. उत्कर्षानं 'शिक्षिका' असं लिहिलं. आगाऊ रक्कम मागितली तेव्हा फोनवरून स्वतःच्या खात्यातली भरली, कमी पडली ती शिंदे सरांनी गाडीतून पाठवली. त्या वेळी दोघांपैकी कुणीही हे पैसे कुठून परत मिळणार असं बोललं नाही. नंतर बोलायची सोयही राहिली नाही, कारण शाळेच्या कुठल्याच खात्यात त्यासाठी जागा नव्हती.

ऑपरेशनला दीड तास लागला. ती बाकावर बसून राहिली. आपण कुठं होतो त्या वेळी, हा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा वर येत होता. शिंदे सरांनी पाहिलं होतं का? नव्हतं. ते पुढं होते. मुलींनी पाहिलं असेल, पण मुली काय बोलणार. चार मिनिटं. ती तिथं असती तर सोनमला कठड्यावर चढू दिलं नसतं, हे अगदी नक्की होतं. एवढं नक्की दुसरं काहीच नव्हतं.

पाचच्या सुमाराला धुळा आला. मसूरहून मिळेल त्या गाडीनं, अंगावर तीच घोंगडी. सोनम शुद्धीवर आली होती, हात प्लास्टरमध्ये. बोटांत गरमी परत आली होती.

"कशी पडलीस गं?" त्यानं विचारलं.

सोनमनं उत्कर्षाकडं पाहिलं. मग बापाकडं बघत म्हणाली, "मीच पळत गेलते आण्णा. मॅडम नगं म्हनत हुत्या, मीच ऐकलं न्हाई."

उत्कर्षानं तोंड उघडलं. तेवढ्यात नर्स गोळ्यांची चिठ्ठी घेऊन आली, कुठली कधी द्यायची ते सांगायला लागली. धुळा वळला आणि दोन्ही हात जोडून म्हणाला, "तुमी हुता म्हून बरं झालं बाई. न्हाईतर पोरीचा हातच गेला असता."

चिठ्ठी हातात धरून ती उभी राहिली. बोलायचं होतं ते राहिलं. एकदा राहिलं की ते दर मिनिटाला जड होत जातं.

सोमवारी भोसले सरांनी अहवाल तयारच ठेवला होता. 'विद्यार्थिनी शिक्षिकेची सूचना न मानता धोकादायक ठिकाणी गेली.' सोनमचाच तसा जबाब होता.

"इथं सही करा मॅडम. पुढं काही होणार नाही. मी बघतो."

"सर, मी फोनवर होते."

सरांनी पेन खाली ठेवलं. "हे मला सांगितलंत, ठीक आहे. पण कागदावर आलं की ते माझ्या हातात राहत नाही. तुमची नोकरी अजून वीस-बावीस वर्षं आहे. आणि मुलगी स्वतःच म्हणतेय ना?"

"तेच तर, सर."

तिनं सही केली नाही. आठवडाभराची मुदत मागितली.

धुळानं सोनमला आईजवळ, तळावर नेलं होतं. रविवारी उत्कर्षा उंब्रजहून मसूरला गेली. तुटून गेलेल्या उसाचं रान, पाचट पेटवून काळी झालेली जमीन, आणि मधोमध जाळ्याच्या कुंपणात दोन-अडीचशे मेंढरं. रानाला खत मिळावं म्हणून गुंडा आप्पांनी ती बसवून घेतली होती. बाभळीखाली सोनम बसली होती. तिची आई, बनुबाई, तीन दगडांच्या चुलीवर चहा ठेवत होती. मॅडम घरी आल्याचा तिला केवढा आनंद झाला होता. पोतं झटकून अंथरलं, मेंढीच्या दुधाचा चहा केला.

उत्कर्षानं कप हातात घेतला नाही. म्हणाली, "मला आधी एक सांगायचंय."

तिनं सगळं सांगितलं. फोन आला, ती आडोशाला गेली, पाठ वळली. सोनमला कुणी नको म्हटलं नव्हतं, कारण नको म्हणायला तिथं कुणी नव्हतंच.

"मॅडम, कशाला सांगितलं?" सोनम पुटपुटली.

बनुबाईच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "म्हंजी तुमी बगत नव्हता? आन आमी हिथं तुमच्या नावानं द्येवाला नारळ बोलतोय?"

"बने," धुळा म्हणाला.

"बने काय? हात वाकडा ऱ्हायला तर? पोरीची जात हाय."

"डॉक्टर म्हणतात, राहणार नाही."

"ऱ्हायला तर?"

उत्कर्षानं मान खाली घातली. एक कोकरू जाळ्यातून तोंड काढून ओरडत होतं. धुळा उठला, त्याला आत ढकललं आणि परत येऊन बसला.

"तुमी म्हनला हुता, मी तितं आसंन."

"हो."

"किती येळ नव्हता?"

"चार मिनिटं."

"चार मिन्टं लय व्हत्यात बाई. लांडगं काय दिसभर बसत न्हाई." त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. "कुनाचा फोन हुता येवडा?"

"माझ्या मुलीचा. पाच वर्षांची आहे. आदल्या दिवसापासून जेवत नव्हती."

"कुटं आसती?"

"उंब्रजला. सासूबाईंजवळ."

बनुबाई चुलीतलं लाकूड मागं ओढत होती, तिचा हात थांबला. तिनं उत्कर्षाकडं नीट पाहिलं, बाई आल्यापासून पहिल्यांदाच पाहिल्यासारखं. "किती दिसांनी भेटता?"

"आठ दिवसांनी. कधी पंधरा."

बनुबाईनं थंड झालेला चहा पातेल्यात ओतून परत गरम केला आणि कप पुढं ठेवला. माफ केलं, असं त्यात काही नव्हतं. चहा गार झाला होता, एवढंच. उत्कर्षानं तो प्यायला.

निघताना तिनं विचारलं, "सोनमला शाळेत कधी पाठवाल?"

"पाटवायची का न्हाई त्येच बगतोय आमी," बनुबाई म्हणाली.

धुळा बांधापर्यंत सोबत आला. मोठा रस्ता दिसायला लागला तेव्हा म्हणाला, "येक इचारू? तुमी आला नसता, तर आमाला कदी कळलं नसतं. पोरगी काय बोलली नसती. मग आला कशापायी?"

"तिनं माझ्यासाठी खोटं बोलावं, हे मला नको होतं."

त्यानं मान हलवली. पटलं की नाही ते कळलं नाही. पण पंधरा दिवसांनी सोनम वर्गात आली, डाव्या हातानं दप्तर धरून. ती डाव्या हातानं लिहायला लागली, वाकडंतिकडं आणि फार सावकाश. वर्गातल्या मुली आळीपाळीनं तिची वही पूर्ण करून द्यायच्या.

उत्कर्षानं अहवाल स्वतः लिहिला, खरा होता तसा. फेब्रुवारीत शाळा समितीकडून ताकीदपत्र आलं. 'कर्तव्यात हलगर्जीपणा केल्याचे आपल्या कबुलीवरून दिसून येते.' तिनं पोच दिली. शिंदे सर स्टाफरूममध्ये चिडचिड करत राहिले. "आपल्या पैशानं गेलो, आपल्या पैशानं दवाखाना केला, आणि ताकीदही आपल्यालाच. पुढच्या वर्षी माझं नाव घालू नका." पण त्यांचा राग उत्कर्षावर नव्हता, आणि तिला ते ठाऊक होतं. एप्रिलपर्यंत सोनमचा हात बराच मोकळा झाला. तो वाकडा राहिला नव्हता. पूर्ण सरळ मात्र होत नव्हता, कोपरात थोडा अडायचा. डॉक्टर म्हणाले, व्यायामानं सुटेल. मार्चअखेरीला उत्कर्षानं आटपाडीत दोन खोल्या पाहिल्या होत्या. जूनमध्ये राजेश्वरी आणि सासूबाई तिथं राहायला आल्या. सासूबाईंना गाव सोडणं जड गेलं, दोन महिने त्या उंब्रजच्याच वाणसामानाच्या आठवणी काढत होत्या.

खरी गोष्ट पुढं जुलैत घडली. शाळा समितीच्या बैठकीत सहलीचा विषय निघाला आणि अध्यक्षांनी उत्कर्षाचाच अहवाल वाचून दाखवला. मग म्हणाले, "जोखीम नको. यंदापासून मुलींना मुक्कामी सहल बंद. एका दिवसाचं काय ते बघू."

दोघा-तिघांनी लगेच माना डोलावल्या. भोसले सरांनी उत्कर्षाकडं पाहिलं, जणू म्हणत होते, बघा, कागदावर आलं की ते कुणाच्या हातात राहत नाही.

उत्कर्षानं खरं लिहिलं होतं, ते सोनमच्या माथी खोटं बसू नये म्हणून. आता त्याच कागदावरून पुढच्या सगळ्या मुली घरी बसणार होत्या. ती उभी राहिली.

"चूक माझी झाली. मुलींची नव्हे. आणि माझीसुद्धा का झाली ते अहवालात नीट आलं नाही, कारण मला तेव्हा कळलं नव्हतं. सोळा मुलींमागं मी एकटी होते. आदली रात्रभर डोळा लागला नव्हता. मी आडोशाला गेले तेव्हा माझ्या जागी उभं राहायला कुणी नव्हतं. फोन नसता तर दुसरं काही असतं. बाईमाणसाला बाथरूमला जायलासुद्धा जागा सोडावीच लागते. दोन बायका द्या. मी जाईन."

"दुसरी बाई आणायची कुठून?" अध्यक्ष म्हणाले. "त्या दुसऱ्या बाईंचं बाळ तर अजून लहान."

"एखादी आई चालेल. आज्जी चालेल. नियमात बसतं का ते सर बघतील."

भोसले सरांनी खिशातून चष्मा काढला, नियमांची फाईल मागवली आणि बराच वेळ पानं उलटली. "पालक प्रतिनिधी म्हणून परवानगी मागता येईल," ते शेवटी म्हणाले. "मिळेलच असं नाही. पण मागता येईल."

ठराव पुढच्या बैठकीपर्यंत लांबला. तोपर्यंत कुणी यायला तयार आहे का, ते बाईंनी बघावं, असं ठरलं.

त्या आठवड्यात शाळा सुटल्यावर उत्कर्षा राजेश्वरीचा हात धरून घरोघर फिरली. एका आईनं नवऱ्याला विचारून सांगते म्हटलं. दुसरीची शेतात तण काढायची भांगलण चालू होती. तिसरी नुसतीच हसली, म्हणाली, "आमाला कोन न्हेतंय बाई, आमी तर लगनात कोल्लापूर बगितलं तेवढंच." चौथं घर मेटकऱ्यांचं होतं. तिथं जायला उत्कर्षाचे पाय अडखळत होते, पण सोनमच दारात उभी होती. तिनं पुढं होऊन राजेश्वरीला आत नेलं.

हरणाबाई उंबऱ्यात बसून लोकर निवडत होती. साठीच्या पुढची, वाळकी, पण डोळे तरतरीत. तिनं सगळं ऐकून घेतलं. नातीच्या हाताविषयी एक शब्द बोलली नाही.

"किती पोरी हाईत?"

"यंदा अठरा."

"रातच्याला मोजाया लागत्यात?"

"लागतात."

"मेंढरं मोजत्यात तशा?"

"तशाच, आज्जी."

म्हातारीनं लोकरीचा पुंजका बाजूला ठेवला. "डोंगराचं मला काय न्हाई. सारा जलम डोंगरातच गेला. पर बाई, मोटार लागती मला. इट्याच्या पुडं गेलं की पोटात ढवळतंय."

आतून राजेश्वरीच्या खिदळण्याचा आवाज आला. सोनम तिला कोंबडीची पिल्लं दाखवत होती.

"गोळी मिळते त्याची," उत्कर्षा म्हणाली.

"गोळीनं थांबतंय व्हय?" हरणाबाईनं भुवया उडवल्या. मग स्वतःशीच काहीतरी हिशेब केल्यासारखी थांबली. "बरं. मग फुडच्या बाकावर बसवा मला. आन लिंबू ठिवा जवळ."